'हार्मोनिक' या संज्ञेचा प्रवास : तंतूपासून तारेपर्यंत

विद्युत्-अभियंत्याच्या तोंडी 'हार्मोनिक' हा शब्द बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. रोहित्र फाजील तापले, दूरध्वनीत गुणगुण ऐकू आली, की दोष हार्मोनिकांकडे जातो. वस्तुतः या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक 'हार्मोनिया'चा अर्थ सांधा, जुळणी, मेळ असा आहे. मेळाचे नाव बिघाडाला कसे लाभले, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सदस्य जोसेफ सोव्हर याने १७०१ साली ध्वनिशास्त्रात ही संज्ञा रूढ केली. छेडलेल्या तारेतून मूळ स्वराबरोबरच दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर उमटतात. त्यांना त्याने 'हार्मोनिक' म्हटले. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार हा याच कुळातील पाचवा होय. येथवर नाव सार्थ होते.

पुढे फूरिये याने उष्णतेच्या वहनाचा विचार करताना असे प्रतिपादिले की, कोणताही आवर्ती वक्र अशाच पटींच्या ज्या-वक्रांत विभागता येतो. १८०७ च्या त्याच्या निबंधावर लाग्रांझने आक्षेप घेतला. ग्रंथ निघावयास १८२२ उजाडले. १८४३ मध्ये ओहमने हे गणित श्रवणाला लावले : कान हेच विभाजन करतो, असे तो म्हणाला. विद्युत्-रोधाचा नियम सांगणारा ओहम तो हाच. झेबेकने सायरनवर प्रयोग करून त्याला विरोध केला. गणिताने जो मूळ स्वर क्षीण ठरतो, तो कानाला ठळक ऐकू येतो, हे त्याने दाखविले. हेल्महोल्ट्झने १८६३ च्या ग्रंथात ओहमचा पक्ष उचलला व स्वरवर्णांचे भेदही याच घटकांवरून उलगडले. आम्हां भाषाभ्यासकांस त्याचे ऋण आहे. पण झेबेकच्या आक्षेपाआडचा प्रश्न तसाच राहिला : हे घटक तरंगात खरोखर असतात, की केवळ विश्लेषकाच्या कागदावर?

याचे उत्तर शेवटी वीजवाल्यांच्या अडचणीतून मिळाले. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे १८९३ मध्ये मोटरी प्रमाणाबाहेर तापू लागल्या. जनित्राचा तरंग शुद्ध ज्या-वक्र नव्हता, आणि त्यातील वरच्या घटकांशी वाहिनीचे अनुस्पंदन जुळत होते, असे स्टाइनमेट्झच्या विश्लेषणात आढळले. पुढच्याच वर्षी हूस्टन व केनेली यांनी प्रत्यावर्ती प्रवाहांच्या हार्मोनिकांवर निबंध लिहिला. संगीतातील संज्ञा तेथे गणितामार्गे पोचली. मेळाचा अर्थ वाटेत गळला आणि पूर्णांकपटीचा तेवढा उरला.

मराठी गणितातील 'हरात्मक' हा शब्द मला येथे विशेष रुचतो. ध्वनीने तो मुळाशी जुळतो आणि अर्थाने 'हर' म्हणजे छेद दर्शवितो. चौकोनी तरंगात केवळ विषम पटींचे घटक असतात व त्यांचे आयाम मूळ घटकाच्या १/३, १/५, १/७ असे हरांनीच ठरतात. अशा तरंगाची एकूण विकृती मूळ घटकाच्या सुमारे ४८ टक्के भरते.

रोहित्राचे लोखंड चुंबकत्वाने संपृक्त होऊ लागले की त्याचा चुंबकन-प्रवाह विकृत होतो. एकदिशकारक तर प्रवाहाचे तुकडेच ओढतात. तीन फेजांवर सारखा भार असता मूळ प्रवाह न्यूट्रल तारेत परस्परांना छेदून शून्य होतात, कारण त्यांत १२० अंशांचे अंतर असते. तिसऱ्या पटीत मात्र हे अंतर ३६० अंश होते. म्हणजे ते तिन्ही एकाच तालात येऊन मिळतात. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या व्यवस्थेत अशा वेळी न्यूट्रलमधून मुख्यतः १५० आवर्तनांचा प्रवाह वाहतो. मूळ घटक तेथे नसतोच. कागदावर केलेली विभागणी तांब्याच्या तारेने स्वतःच करून दाखविली, असे म्हणावयास हरकत नाही. संगणकांसारख्या उपकरणांच्या भाराने हा प्रवाह फेजच्या प्रवाहाच्या १.७३ पटीपर्यंत चढू शकतो. जुन्या इमारतींत न्यूट्रलची तार फेजच्या तारेहून बारीक घालण्याचा प्रघात होता. तेथे आधी तीच जळते.