साताऱ्यातील ‘देवाचा दरबार’

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण हा अवर्षणाचा मुलूख. तेथील माणगंगा पुढे पंढरपूर तालुक्यात भीमेस मिळते. शेजारच्या फलटणवरून ज्ञानेश्वरांची पालखी पंढरीस जाते. या परिसरात भक्ती ही एकट्याने करावयाची गोष्ट कधीच नव्हती. तिला दिंडी लागते, टाळकरी लागतात. याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, साताऱ्यात, १९१७ मध्ये एका ख्रिस्ती कवीने अशाच संगतीचा प्रयोग मांडला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा ‘देवाचा दरबार’ तो हाच.

टिळकांना ख्रिस्तामध्ये दिलासा लाभला, हे त्यांच्या काव्याच्या वाचकांस सांगावयास नको. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ आणि त्यातील डोंगरावरील प्रवचन यांनी त्यांचे मन जिंकले. परंतु १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेताच जुने गणगोत तुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. ज्या श्रद्धेने अंतःकरण निवविले, तिनेच घर रिते केले, हा या चरित्रातील खरा पेच आहे.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ या पेचाची दुसरी बाजू दाखवितात. पतीकडे परतल्यावरही त्यांनी धर्म लगेच बदलला नाही. आपले सोवळे सांभाळूनच त्या राहिल्या. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केले, अशी खात्री पटल्यावर प्रथम ते सोवळे सुटले, बाप्तिस्मा त्यानंतरचा. म्हणजे त्यांच्या बाबतीत ताटापाण्याची सोबत आधी आली आणि श्रद्धेचा उच्चार मागाहून झाला. पुढे याच घरात अनेक अनाथ मुले वाढली.

टिळकांना मिशनमध्ये नवा समाज मिळाला होता, हे खरे. तथापि त्या समाजाची घडी आणि उपासनेची रीत बऱ्याच अंशी परकी होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे मानणाऱ्या या कवीला तो पूल मागे मोडून टाकणे मान्य नव्हते. म्हणून त्यांनी ख्रिस्ती उपासनेत भजन, कीर्तन आणि अभंग आणले. अखेर मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास आले आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांनी बंधुभावाने एकत्र यावे, ही दरबाराची कल्पना होती. तिचे धाडस आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. ज्या उंबरठ्यावर टिळकांचे स्वतःचे घर दुभंगले, तोच उंबरठा ते इतरांसाठी काढून टाकीत होते. ख्रिस्ताजवळ येणाऱ्याला आप्तांस मुकावे लागू नये, हा त्यामागील ध्यास असावा.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबाराला अवघी दोन वर्षे लाभली आणि संस्था म्हणून तो रुजला नाही. परंतु मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त त्यांची पदे आजही आहेत, आणि त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. एकेकाळी श्रद्धेपायी दुरावलेल्या पत्नीनेच पतीचे अपुरे काव्य पुरे करावे, याहून दरबाराचा अधिक सार्थ अर्थ कोणता सांगावा?