नाक, कावसजी आणि मी

माझं नाक किंचित डावीकडे वळलंय. श्वासाला त्रास शून्य, पण लग्नासाठी फोटो फिरायला लागल्यापासून 'सरळ करून घे' असे सल्ले मिळतायत.

म्हणून जरा इतिहास चाळला. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांचा बैलगाडीवान कावसजी पकडला गेला. त्याचं नाक कापलं गेलं. आपल्या पुण्याजवळच्या एका देशी वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४ मध्ये ही हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली.

१८९८ मध्ये बर्लिनच्या जाक योझेफने एक धडधाकट, फक्त मोठं नाक लहान केलं. पेशंट लाजेने लोकांत जाणं टाळत होता.

दोघांचंही दुःख खरं होतं. माझ्या नाकाचं दुःख मात्र फक्त इतरांना आहे! मग भूल, सूज, खर्च कशासाठी? राहू दे वाकडं.