पक्ष्यांचे प्रियाराधन व भरवणे : निरीक्षणाचा इतिहास

विणीच्या हंगामात नराने मादीला अन्न भरवणे, हा अनेक पक्ष्यांच्या प्रियाराधनाचा भाग असतो. पोपट, धनेश, खंड्या, सुरय इत्यादींमध्ये तो आढळतो. मादी पुष्कळदा पंख थरथरवीत पिलासारखा आवाज काढते व नर तिला भक्ष्य किंवा गळ्यातून वर आणलेले अन्न देतो. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४० मध्ये या वर्तनाचा आढावा घेतला. त्यामुळे जोडीतील बंध दृढ होतो, असे त्यांचे मत होते.

या वर्तनाचे निरीक्षण बंदिवासात सुलभ असले, तरी त्यास मर्यादा आहेत. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मुंबई येथील कार्यालयात १८९४ मध्ये कारवारहून आणलेला ‘विल्यम’ हा मोठा धनेश १९२० पर्यंत होता. फेकलेला चेंडू तो चोचीत झेली. निसर्गात धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते व नर तिला अरुंद फटीतून फळे भरवतो. एकट्या विल्यमच्या ठायी हे वर्तन दिसणे शक्य नव्हते. जोडीदार नसल्यास पाळीव पक्षी कधीकधी माणसालाच जोडीदार मानतो. कोनराड लोरेन्ट्स यांच्याकडील माणसाळलेला जॅकडॉ हा कावळ्याच्या कुळातील पक्षी त्यांच्या तोंडात, प्रसंगी कानातही, अळ्या कोंबत असे.

आवाजांच्या अभ्यासात मात्र बंदिवास उपकारक ठरला. नाशिकसारख्या शहरांतून ‘लव्हबर्ड’ या चुकीच्या नावाने पाळले जाणारे बजरीगार मूळचे ऑस्ट्रेलियातील आहेत. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये ते जिवंत स्थितीत इंग्लंडला नेले. एकटा नर आरशातील प्रतिबिंबालाही भरवू पाहतो. नराच्या प्रियाराधनातील आवाजाने मादीच्या अंडाशयाची वाढ होते व ती अंडी घालण्यास प्रवृत्त होते, असे बार्बरा ब्रॉकवे यांनी १९६५ मध्ये प्रयोगांती दाखविले. आवाज हे अशा प्रकारे प्रजननाला चालना देणारे साधन ठरले.

भरवण्याचे पोषणमूल्य मात्र पिंजऱ्यात ठरविता येत नाही कारण तेथे मादीला अन्न सदैव उपलब्ध असते. टी. रोयामा यांनी १९६६ मध्ये लॅक यांच्या मताचा फेरविचार करून मादीच्या पोषणावर भर दिला. आय. सी. टी. निस्बेट यांनी १९७३ मध्ये सामान्य सुरयात भरवण्याचा अंड्यांच्या आकाराशी असलेला संबंध दाखविला. हे निरीक्षण मुक्त पक्ष्यांचे होते.

देशी पोपट बाळगण्यास वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. त्यामुळे देशी पक्ष्यांचे असे वर्तन अभ्यासण्याचे योग्य स्थान त्यांचा अधिवास हेच होय. नाशिक जिल्ह्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर-मधमेश्वर अभयारण्यात नदी सुरय आढळतो. हे अभयारण्य महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. सुरयाचा नर चोचीत मासा धरून मादीसमोर येतो. तो मासा मिळविण्यास त्याला श्रम पडलेले असतात आणि त्या श्रमातच भरवण्याचा खरा अर्थ आहे.