माझदा

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम भागातील हिरोशिमा शहराला खेटून वसलेल्या फुचू या गावी मुख्य कचेरी असलेली मोटार-उद्योगसंस्था व तिच्या गाड्यांची नाममुद्रा. टोयोटासारख्या मातबर पेढीच्या खपाशी ताडून पाहिल्यास ती पासंगासही पुरत नाही; परंतु ज्या यंत्राचा नाद जगातील बहुतेक सर्व कारखानदारांनी एकेक करून सोडला ते रोटरी इंजिन तिने जवळजवळ एकटीने पंचेचाळीस वर्षे मोटारींत चालविले, आणि या हट्टाची किंमत तिच्याबरोबर तिच्या गाड्यांच्या मालकांनीही, कधी हौसेने तर कधी कपाळाला हात लावून, चुकती केली. या संस्थेचा वृत्तांत लिहिताना म्हणूनच कारखान्याच्या दप्तराबरोबर मालकांची वहिवाटही पाहावी लागते.

संस्थेचा उगम बुचाच्या धंद्यात आहे. 30 जानेवारी 1920 रोजी हिरोशिमात ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिची सूत्रे जुजिरो मात्सुदा यांच्या हाती आली. मात्सुदा हे 1875 साली कोळी कुटुंबात जन्मलेले, बालवयातच ओसाकास जाऊन लोहाराच्या भट्टीवर उमेदवारी केलेले आणि पुढे स्वतःच्या कल्पनेने तयार केलेल्या पंपामुळे नावारूपास आलेले गृहस्थ. बुचापेक्षा लोखंडाकडे त्यांचा ओढा अधिक असणे स्वाभाविक होते. 1925 मध्ये कारखान्यास आग लागली, 1927 मध्ये नावातील ‘कॉर्क’ गळून ‘तोयो कोग्यो’ एवढेच उरले, आणि 1931 मध्ये, पुढे मोटारसायकलीसारखा दांडा व मागे माल भरण्याचा हौदा अशा बांधणीची ‘माझदा-गो’ ही तीनचाकी गाडी बाजारात आली. तिच्या विक्रीची व्यवस्था आरंभी मित्सुबिशीच्या व्यापारी शाखेकडे होती. गाडीचे नाव जरथुष्ट्री धर्मातील अहुर मज्द या परमेश्वरावरून घेतलेले असून संस्थापकाच्या आडनावाशी असलेले त्याचे उच्चारसाम्यही त्यात हिशेबात धरलेले आहे. संस्थेने मात्र हे नाव स्वतःस अधिकृतपणे लावले ते 1984 साली.

महायुद्धाच्या काळात कारखान्यास लष्करासाठी बंदुका घडवाव्या लागल्या. 6 ऑगस्ट 1945 रोजी, म्हणजे योगायोगाने मात्सुदा यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा स्फोटस्थानापासून सुमारे पाच किलोमीटर दूर व हिजियामा टेकडीच्या आडोशास असल्यामुळे कारखान्याच्या इमारती काचा व छपरे गमावून का होईना, पण उभ्या राहिल्या. शहरातील सरकारी कचेऱ्या नामशेष झाल्यामुळे हिरोशिमा प्रांताचे दप्तर याच कारखान्याच्या आवारात हलविण्यात आले आणि जवळजवळ वर्षभर प्रांताचा कारभार तेथून चालला; जखमींच्या शुश्रूषेची तजवीजही तेथे झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, शहरातील राखेचे ढीग पुरते उपसलेही गेले नव्हते अशा वेळी, तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. शहराची व संस्थेची जी जवळीक पुढे सतत दिसते, तिचे मूळ या महिन्यांत आहे, असे मानण्यास हरकत नाही.

1951 मध्ये सूत्रे संस्थापकाचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा यांच्याकडे आली. 1960 मध्ये ‘आर-360’ ही 356 घनसेंटिमीटरच्या इंजिनाची, तीन लाख येन किमतीची छोटेखानी मोटार निघाली आणि तीनचाकीवाल्यांच्या पंगतीतून ही संस्था मोटारवाल्यांच्या पंगतीत आली. परंतु त्याच सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने, परदेशी मोटारींची आयात खुली होण्यापूर्वी देशातील कारखान्यांचे दोन-तीन मोठे गट पाडावेत, असा मनसुबा मांडल्यामुळे प्रांतातील लहान कारखान्याने कोणा बड्याच्या पोटात जावे, की आपल्यापाशी दुसऱ्या कोणापाशी नाही असा जिन्नस पैदा करून स्वतंत्र राहावे, हा प्रश्न त्सुनेजींपुढे उभा राहिला. जर्मनीतील एन.एस.यू. या कंपनीशी 1961 मध्ये त्यांनी जो करार केला तो या प्रश्नाचे उत्तर म्हणून. रोटरी इंजिनाचा स्वीकार हा यंत्रशास्त्रातील छांदिष्टपणा होता, असे लिहिण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकास तो प्रथमतः स्वायत्तता राखण्यासाठी केलेला राजकीय व्यवहार वाटतो.

फेलिक्स व्हांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतून निघालेल्या या इंजिनात वरखाली होणारे दट्टे, झडपा व त्या हलविणारे दांडे यांपैकी काहीच नसते. कमरेशी किंचित आत दबलेल्या लंबगोल कोठडीत तीन फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी गोळा उत्केंद्री दंडावर फिरतो, आणि त्याच्या तीन बाजू व कोठडीची भिंत यांमधील पोकळी लहानमोठी होत असताना इंधनमिश्रणाचे शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन क्रमाने घडते. आकार लहान, वजन हलके, कंप नाममात्र आणि फेरे चढविण्यास मुभा हे त्याचे गुण. परंतु त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवरील पट्ट्या, ज्यांना कारागीर एपेक्स सील म्हणतात, भिंतीस सतत घासत राहतात, आणि या यंत्राचे सारे भवितव्य त्या बोटभर जाडीच्याही नसलेल्या पट्ट्यांवर अवलंबून असते. जर्मनीहून आलेल्या नमुन्यात त्या थरथरत व कोठडीच्या आतील मुलाम्यावर ओळीने ओरखडे उमटवीत. कारखान्यात या ओरखड्यांना सैतानाच्या नख्यांच्या खुणा म्हणत. 1963 मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस अभियंत्यांचे स्वतंत्र खाते नेमण्यात आले. धन्याच्या सन्मानासाठी झुंजलेल्या सत्तेचाळीस सामुरायांची कथा जपानात घरोघरी माहीत असल्याने या आकड्यास तेथे अर्थातच वजन प्राप्त झाले. अनेक द्रव्ये पारखल्यावर कार्बन व अॅल्युमिनियम यांच्या संयुक्त पट्ट्या टिकल्या, आणि मे 1967 मध्ये दोन गोळ्यांच्या इंजिनाची ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीस आली. पुढच्या वर्षी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या मार्गावर झालेल्या 84 तासांच्या शर्यतीत दोन कॉस्मो उतरल्या. एक अखेरच्या टप्प्यात बाद झाली, दुसरी चौथी आली.

यानंतरची पाच-सहा वर्षे ही संस्थेच्या आत्मविश्वासाची व, मागे वळून पाहता, अविवेकाची वर्षे होत. लहान मोटारीपासून मिनिबसपर्यंत जेथे बसेल तेथे रोटरी बसविण्याचे धोरण अंगीकारून 1970 पासून अमेरिकेच्या बाजारात मुसंडी मारली गेली. 1973 च्या तेलसंकटात अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याने इंधनाच्या खपाचे आकडे जाहीर केले तेव्हा हे इंजिन फारच तहानलेले आहे, ही मालकांना आधीच कळलेली गोष्ट सरकारी शिक्कामोर्तब होऊन जगापुढे आली. न विकलेल्या गाड्यांचे ताफे उभे राहिले, सुमितोमो बँकेने कर्जाबरोबर आपली माणसेही कारभारात बसविली, कारखान्यातील कामगारांना विक्रेते म्हणून गावोगाव धाडण्यात आले, आणि 1977 मध्ये मात्सुदा घराण्याचा अंमल संपला. घराण्याकडे उरला तो हिरोशिमाचा बेसबॉल संघ. त्याच्या नावात ‘तोयो’ हा शब्द आजही आहे, आणि कारखान्याच्या या सर्वांत बिकट काळात, 1975 साली, त्याने आपले पहिले अजिंक्यपद मिळविले. 1979 मध्ये अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने सुमारे चतुर्थांश भांडवल घेतले. ज्या स्वातंत्र्यासाठी रोटरीचा घाट घातला ते रोटरीपायीच गहाण पडले, हा या इतिहासातील विपर्यास होय.

तरीही यंत्र टाकून देण्यात आले नाही. घरगुती गाड्यांना साधे दट्ट्याचे इंजिन व क्रीडामोटारींना रोटरी, अशी विभागणी होऊन 1978 मध्ये ‘आरएक्स-7’ अवतरली आणि तिच्या तीन पिढ्या 2002 पर्यंत चालल्या. पाठोपाठ 2003 ते 2012 या काळात ‘आरएक्स-8’ निघाली. जून 1991 मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत चार गोळ्यांच्या इंजिनाच्या, नारिंगी-हिरव्या रंगाच्या 55 क्रमांकाच्या ‘787बी’ गाडीने जिंकली. व्होल्कर वायडलर, जॉनी हर्बर्ट व बर्ट्रांड गाशो हे तिचे सारथी. अखेरच्या खेपेनंतर हर्बर्ट यांना इतकी ग्लानी आली की, विजयमंचावर चढणेही त्यांना जमले नाही. जपानी गाडीने ही शर्यत जिंकण्याचा तो पहिला प्रसंग, आणि दुसरा येण्यास 2018 साल उजाडावे लागले.

रोटरी गाडी बाळगणे हे एखादे व्रत पाळण्यासारखे आहे, याविषयी तिच्या मालकांत, मग ते ऑस्ट्रेलियातील असोत वा अमेरिकेतील, फारसा मतभेद आढळत नाही. ऑइल खाणे हा या इंजिनाचा स्वभावच. सील कोरडे पडू नयेत म्हणून एक छोटा पंप जाणूनबुजून थोडे थोडे ऑइल ज्वलनकोठडीत सोडीत असतो, आणि ज्याला हे विकतेवेळी कोणी सांगितले नाही तो मालक तळ कोरडा पडेपर्यंत निश्चिंत राहून पुढे भुर्दंड भरतो. काही चोखंदळ मालक तेवढ्यावर न थांबता, जुने स्कूटरवाले करीत त्याप्रमाणे, पेट्रोलातच टू-स्ट्रोकचे ऑइल मिसळतात. गाडी थंड असताना चालू करून अंगणातून रस्त्यावर घ्यावी व लगेच बंद करावी, हा अपराध तर अक्षम्य मानला जातो. कारण न जळलेले पेट्रोल भिंतीवरील ऑइलचा पातळ थर धुऊन काढते, सीलची पकड सुटते, प्लग ओले होतात आणि पुढच्या वेळी सेल्फ कितीही मारला तरी इंजिन दाद देत नाही. म्हणून गाडी पुरती तापू द्यावी, बंद करण्यापूर्वी क्षणभर रेस करावी, आणि अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर फेरे वरच्या मर्यादेपर्यंत न्यावेत, असा आचारधर्म जुने मालक नवशिक्यास शिकवितात. जुनी गाडी घेणाऱ्याने रंग व गाद्या पाहण्याआधी तिन्ही बाजूंचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे, हाही त्यातलाच दंडक. साधा मापक येथे उपयोगी पडत नाही, त्यासाठी वेगळा लागतो. ‘आरएक्स-8’च्या इंजिनांविषयी तक्रारी वाढल्यावर कंपनीने अमेरिकेत इंजिनाच्या गाभ्याची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैल अशी वाढवून दिली, यावरून प्रकरणाचे गांभीर्य लक्षात यावे. हे सारे खरे असूनही एक इंजिन उतरवून दुसरे चढविणाऱ्या मालकांची संख्या मोठी आहे. फेरे चढताना ते यंत्र ज्या अखंड स्वरात वर जाते, त्याचे वर्णन करताना एरवी हिशेबी असणारे लोकही हिशेब विसरतात.

दुसऱ्या टोकाला ‘एमएक्स-5’ ही दोन आसनांची उघडी मोटार. बॉब हॉल या अमेरिकी पत्रकाराने 1979 च्या सुमारास यामामोतो यांच्याकडे साध्या, हलक्या, ब्रिटिश धर्तीच्या क्रीडामोटारीची कल्पना मांडली होती. ती फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रत्यक्षात आली, आणि एप्रिल 2016 मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. दोन आसनी क्रीडामोटारींत एवढा खप दुसऱ्या कोणत्याच गाडीस लाभलेला नाही. तिचे मालक शक्तीची बढाई मारीत नाहीत. वळणावर गाडी हाताच्या इशाऱ्याबरोबर वळते व गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीनेच पडतो, एवढ्यावर ते खूश असतात. दोष त्यांना तोंडपाठ आहेत: पहिल्या एक-दोन वर्षांच्या गाड्यांत क्रँकच्या टोकाची खाच झिजून टायमिंग बिघडे, जुन्या गाडीच्या हुडाची मागची प्लॅस्टिकची खिडकी चेन उघडून मोकळी न करता हुड पाडल्यास ती तडकते, आणि आसनांमागील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानापाचोळ्याने तुंबल्या की पाणी उंबऱ्याच्या पत्र्यात साचून तो आतून कुजतो. जपानात हीच गाडी आरंभी माझदाच्या नावाने न विकता ‘युनोस’ या नावाने विकली गेली, कारण त्या भरभराटीच्या दिवसांत संस्थेने देशात पाच निरनिराळ्या नावांची विक्रीकेंद्रे उघडण्याचा उपद्व्याप केला होता. जपानी अर्थव्यवस्थेतील तेजीचा बुडबुडा फुटल्यावर तो अंगलट आला, आणि 1996 मध्ये फोर्डचा हिस्सा 33.4 टक्क्यांवर जाऊन हेन्री वॉलेस यांच्या रूपाने जपानी मोटारकंपनीच्या अध्यक्षपदी प्रथमच परदेशी गृहस्थ बसले.

रोजच्या वापराच्या गाड्यांचा लौकिक चालविण्यास गोड, यंत्राने भरवशाची व पत्र्याने कच्ची असा होता. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या कॅनडासारख्या देशांत 2000 नंतरच्या दशकातील ‘माझदा-3’च्या मागच्या चाकांवरील पत्रा लवकर गंजत असल्याचे गाऱ्हाणे मालक वर्षानुवर्षे सांगत आले. 2011 मध्ये उद्भवलेली तक्रार मात्र विलक्षण होती. पेट्रोलच्या वासाने आकृष्ट होणारे पिवळ्या जातीचे कोळी ‘माझदा-6’च्या टाकीच्या हवा सोडण्याच्या नळीत जाळी विणीत, त्यामुळे टाकीत दाब उत्पन्न होऊन तिला तडा जाण्याचा संभव निर्माण झाला, आणि उत्तर अमेरिकेत सुमारे 65,000 गाड्या परत बोलवाव्या लागल्या. 2014 मध्ये त्याच कारणासाठी दुसरी परतबोलावणी झाली; कोळ्यांनी पहिल्या उपायास जुमानले नसावे.

फोर्डने 2008 पासून आपला हिस्सा विकण्यास आरंभ केला व 2015 पर्यंत तो संपविला. पुढे 2017 मध्ये टोयोटाशी परस्पर भागभांडवलाचा करार होऊन अमेरिकेतील अलाबामा राज्यात दोघांचा संयुक्त कारखाना उभा राहिला. मधल्या काळात संस्थेने साध्या पेट्रोल इंजिनाचे संपीडन 14 : 1 पर्यंत चढवून इंधनाची जी बचत साधली, तीवर तिचा सध्याचा व्यापार चालतो. रोटरी 2023 मध्ये पुन्हा दिसली, पण ‘एमएक्स-30’ या विजेच्या मोटारीत बॅटरी भारणारे जनित्र फिरविण्यापुरती.

भारतात माझदाने प्रवासी मोटारींचा व्यापार रीतसर मांडला नाही. 1980 नंतरच्या दशकात पंजाबमध्ये रोपडजवळ पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा व सुमितोमो यांच्या भागीदारीतून ‘स्वराज माझदा’ या हलक्या मालमोटारी व मिनिबस बनू लागल्या, आणि महाराष्ट्रातही शाळा, कारखाने व सहलकंपन्या यांच्या पदरी त्यांनी पुष्कळ चाकरी केली. त्यांत रोटरीचा लवलेश नव्हता, साधे डिझेल इंजिन होते. जपानी भागीदार बदलल्यावर 2011 मध्ये त्या कंपनीच्या नावातून माझदा जाऊन इसुझू आले, आणि 2025 मध्ये तिची मालकी मुंबईच्या महिंद्र समूहाकडे गेली.