शिमग्याची पिशवी आणि आरे-वारेची वाळू

शिमगा झाला की चाकरमान्यांच्या पिशव्या भरायला लागतात. वर कुळथाचं पीठ, आमसुलं, पोह्याचे पापड. खाली, चार वर्तमानपत्रांत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात बंद केलेले सोडे, सुकट आणि खारा बांगडा. डब्यावर फडकं, फडक्यावर सुतळी. हे गाठोडं मुंबईला कसं पोचायचं, याचा इतिहास कुणी फारसा लिहीत नाही. मला वाटतं तो लिहायला हवा, कारण आज आरे-वारेच्या किनाऱ्यावर जे चाललंय ते त्याशिवाय नीट कळत नाही.

आधी साधी गोष्ट. मासळी सुकवायची का? कारण पावसात समुद्र बंद. आजही १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते, पूर्वी ती दर्याच घालायचा. त्याआधी आगोटीची बेगमी करायची. बांगडा पाठीतून चिरून मीठ भरायचा, कोळंबी सोलून उन्हात टाकायची, जवळा वाळूत नाहीतर चटईवर पसरायचा. पावसात दमट झालं तर चुलीवरच्या धुरात पुन्हा शेकायचं. आमच्याकडे बायका सांगतात ते अगदी शास्त्र आहे: प्रवासाला निघण्याआधी एक कडक ऊन दाखवा, गार झाल्यावरच डब्यात भरा, प्लॅस्टिकमध्ये अजिबात नको. प्लॅस्टिकला आतून घाम सुटतो आणि पनवेल यायच्या आत बुरशी धरते.

पण खारवायला मीठ लागतं, आणि मीठ सरकारच्या ताब्यात होतं. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात मिठावरचा कर मणाला अडीच रुपये झाला. एक मण म्हणजे साधारण सदतीस किलो. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७३ मध्ये, फ्रान्सिस डे या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या सागरी मासळीवर अहवाल लिहिला. मूळचा हा मद्रास लष्करातला डॉक्टर. त्याने सरकारलाच सुनावलं की मिठाच्या करामुळे मासे खारवणं गरिबाला परवडत नाही. मग मद्रास आणि मुंबई इलाख्यांच्या किनाऱ्यावर सरकारी देखरेखीखाली खारवणीची आवारं निघाली. तिथे मीठ बिनकराचं किंवा स्वस्त, पण मासा आवारातच आणायचा, तिथेच खारवायचा, पहाऱ्यात. मासा आपला, हात आपले, समुद्र आपला. मीठ तेवढं त्यांचं!

मे १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोडा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ ला. शाळेत आपण हा धडा स्वातंत्र्याचा म्हणून शिकतो आणि तो आहेच. पण किनाऱ्यावरच्या घरात मीठ म्हणजे नुसतं आमटीत घालायची चिमूट नव्हती. मीठ म्हणजे पावसाळ्याचं जेवण होतं. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठागरांजवळच्या गावांना घरापुरतं मीठ गोळा करायची मुभा मिळाली. कर पूर्ण गेला १९४७ ला.

आता रस्ता. मुंबईच्या गिरण्यांना सगळ्यात जास्त माणसं पुरवली ती रत्नागिरी जिल्ह्याने. एकेका गावाच्या सामाईक खोल्या होत्या, एका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळीपाळीने झोपणारे. त्यांच्यासाठी गावाहून सुकं जायचं आगबोटीने. रत्नागिरीला बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं आणि गाठोडी पडावातून न्यायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून आगोटीची बेगमी मुंबईच्या खोलीवरही मे संपायच्या आत पोचवावी लागायची. आमच्या बाजूच्या माणसाला आधी रत्नागिरी गाठायची म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन चालणं आणि खाड्या होडीने ओलांडणं. खाड्यांवरचे पूल नंतरचे.

१ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे एसटी कोकणाच्या वाडीवाडीत पोचली. गाठोडं टपावर गेलं. टपावर वास कुणाला येणार? २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा ते सीटखाली आलं आणि वासाचं भांडण सुरू झालं. रेल्वे कायदा १९८९, कलम ६७ धोकादायक आणि त्रासदायक मालाबद्दल आहे. त्या कलमात सुक्या मासळीचं नाव नाही, काय बसतं ते नियमांवर सोडलंय. पण डब्यात नियम कोण वाचतो? नाक मुरडणारा एक प्रवासी पुरतो. मलाही एका खासगी बसवाल्याने डबा खाली उतरवायला लावला होता. त्याच बसच्या डिकीत आंब्याच्या पेट्या घमघमत होत्या, त्यांचं कौतुक. वास कुणाचा, यावर सगळं ठरतं.

तुम्ही म्हणाल, आता सुक्याचं काय एवढं, बर्फात सुरमई नेता येते की. येते, रस्ता चालू असेल तर. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली, आणि त्यानंतर किती गणपती त्या खड्ड्यांतून आले ते आपण मोजलेत. थर्माकोलच्या पेटीतला बर्फ वाहतूक कोंडीची वाट बघत नाही. सुकट बघते. ज्या मुलखाला कधी भरवशाची वाट मिळाली नाही, त्याने वाटेत टिकणारं अन्न तयार केलं, इतकी ती साधी गोष्ट आहे.

आणि आता वाळू. जून २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बीच शॅक धोरण मंजूर केलं. पहिल्या आठ किनाऱ्यांत आपल्या जिल्ह्यातले दोन: गुहागर आणि आरे-वारे. माझा शॅकला विरोध नाही. पोरांना गावात काम मिळालं तर मला हवंच आहे. पण २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत तात्पुरत्या पर्यटन सोयी बसतात, तशीच मच्छीमारांची मासळी वाळवायची जागाही बसते. कायद्यात दोन्ही आहेत. आराखडा काढताना एकच आठवतं.

मासळी वाळवणारी बाई कुठल्या कागदावर नसते. बोट नवऱ्याच्या किंवा मालकाच्या नावावर, डिझेलची सवलत बोटीला, बंदीच्या काळातली चर्चाही बोटीची. हिच्याकडे फक्त ऊन आणि वाळू. ऊन कुणी काढून घेऊ शकत नाही. वाळू घेऊ शकतो, आणि मुद्दाम घ्यावीही लागत नाही. मोजताना विसरली की झालं.

म्हणून या पट्ट्यातल्या सगळ्यांना, खारवी, दालदी, भंडारी, कुणबी, सगळ्यांनाच सांगणं आहे. पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा. किनाऱ्याच्या कुठल्याही आराखड्यात आधी वाळवणीची जागा मोजून नकाशावर दाखवा. तिथे सिमेंटचे ओटे आणि पाणी द्या, म्हणजे माल वाळूविना, स्वच्छ निघेल आणि दर मिळेल. आणि शॅकमध्ये विकायच्या वस्तूंत इथल्या बायकांचे सोडे-सुकट पहिल्या ओळीत लिहा.

मिठासाठी आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या. वाळूसाठी सध्या एक अर्ज पुरेसा आहे. तो वेळेत करूया.