महागडा डबा आणि एक विद्यार्थी

ऑफिसात आपण एक्स्टेन्शन फिरवतो तेव्हा मधे एक डबा बसलेला असतो. पीबीएक्स, म्हणजे कंपनीचं खाजगी टेलिफोन एक्स्चेंज. पूर्वी हा डबा महाग आणि पार बंदिस्त असायचा.

१९९९ साली अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात शिकणाऱ्या मार्क स्पेन्सरने लिनक्स सपोर्टची छोटी कंपनी काढली. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला पीबीएक्स हवा, पण तेवढे पैसे कुठले? मग पठ्ठ्याने साध्या पीसीवर चालणारं एक्स्चेंज सी भाषेत स्वतःच लिहिलं आणि सोर्स कोड जीपीएलखाली खुला करून टाकला! त्याचं नाव ॲस्टेरिस्क. २००४ मध्ये १.० आवृत्ती आली. आवाज म्हणजे शेवटी डेटाच, मग छोट्या कंपन्याही एका पीसीवर इंटरनेटचे फोन चालवू लागल्या.

आपल्याकडे मात्र अडचण तंत्रापेक्षा नियमांची जास्त होती. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनी अधिकृत झाली खरी, पण मेख अशी की इंटरनेट सेवा घेऊन पुण्यातल्या संगणकावरून न्यूयॉर्कचा साधा फोन वाजवायला परवानगी, मुंबईचा वाजवायला नाही!

कोड खुला करायला एक विद्यार्थी पुरला. तारा खुल्या करायला सरकार लागतं..