लाकडी शिपायांची राष्ट्रे: ब्राँटे भावंडांच्या कल्पित जगातील युद्धे

ग्लास टाउन आणि अशांती यांच्यातील पहिले युद्ध १८२६ साली यॉर्कशरमधील हॉवर्थ गावात, पाद्र्याच्या घरात सुरू झाले. ग्लास टाउनच्या बाजूने लढणारे बारा जण लाकडाचे होते. हे पाद्री, पॅट्रिक ब्राँटे, यांनी त्या वर्षी जून महिन्यात लीड्सहून मुलासाठी शिपायांची पेटी आणली. दहा वर्षांच्या शार्लटने त्यातला एक उचलून त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन करून टाकले. आठ वर्षांच्या ब्रॅनवेलने आपल्या शिपायाला बोनापार्ट म्हटले. सात वर्षांची एमिली आणि सहा वर्षांची अ‍ॅन यांनीही आपापले शिपाई निवडले. पुढे या दोघींच्या शिपायांना पॅरी आणि रॉस ही त्या काळी गाजलेल्या ध्रुवप्रदेशाच्या शोधकांची नावे मिळाली. आई १८२१ मध्ये गेली होती, थोरल्या दोन बहिणी १८२५ मध्ये दगावल्या होत्या. उरलेल्या चौघांनी या पेटीतून जे जग उभे केले ते पुढची वीसेक वर्षे टिकले, आणि त्या जगात शांततेचा काळ फारच थोडा होता.

खेळाची मूळ कथा अशी: बारा तरुण जहाजाने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागतात, तिथल्या अशांती लोकांशी लढतात, मुलूख मिळवतात आणि ग्लास टाउन नावाची राजधानी वसवतात. पुढे या नगरीला व्हर्डोपोलिस हे भारदस्त नाव मिळाले. तिच्याभोवती वेलिंग्टन, स्नीकी, पॅरी आणि रॉस यांची चार राज्ये होती, म्हणजे चार भावंडांना प्रत्येकी एक. ब्रॅनवेलचा बोनापार्ट तोवर स्नीकी झाला होता.

यातले बरेचसे वर्तमानपत्रांतून आलेले होते. घरात लीड्सची दोन वर्तमानपत्रे येत, एक सरकारपक्षाचे आणि एक विरोधकांचे. ‘ब्लॅकवुड्स’ हे एडिंबरोचे मासिक उसने आणून वाचले जाई. गोल्ड कोस्टवर इंग्रज आणि अशांती यांचे खरेखुरे युद्ध तेव्हा चालू होते. जानेवारी १८२४ मध्ये इंग्रज गव्हर्नर सर चार्ल्स मॅकार्थी त्यात मारला गेला होता. नायजर नदीचा उगम कुठे आणि ती समुद्राला मिळते कुठे यावर मासिकांतून वाद झडत होते. मुलांनी या बातम्या उचलल्या आणि त्यांचा निकाल आपल्या मनासारखा लावला. वेलिंग्टन तर वॉटर्लूनंतर घरोघरचा नायक झालेला होता. हाच आर्थर वेलस्ली १८०३ मध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर, दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांना भिडला होता. साम्राज्याच्या एका टोकाला कमावलेली कीर्ती हॉवर्थमधल्या मुलीच्या खेळण्यापर्यंत पोहोचली ती अशी.

सुरुवातीच्या लढायांना एक सोयीचा नियम होता. चारही भावंडे त्या जगातील चार ‘जिन्नी’ होती, टॅली, ब्रॅनी, एमी आणि अ‍ॅनी या नावांची, आणि मेलेल्या शिपायाला पुन्हा उठवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. शिपाई बाराच असल्यामुळे हा नियम लागणारच. संध्याकाळी पडलेला वीर सकाळी पुन्हा रांगेत उभा. कथा लिहून काढायला सुरुवात झाल्यावर मात्र या नियमाची अडचण होऊ लागली, कारण मरणाला किंमत नसली की विजयालाही उरत नाही. जिन्नी हळूहळू मागे सरकले आणि त्यांची जागा बखरकार, कवी, संपादक व सेनानी यांनी घेतली. तेही अर्थात कल्पित.

१८२९ पासून शिपायांच्या हातात मावतील अशी चिटुकली पुस्तके तयार होऊ लागली: सुमारे साडेतीन सेंटिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर उंच, छापील अक्षरांची नक्कल करणाऱ्या बारीक हस्ताक्षरात, कधी साखरेच्या पुडीच्या कागदाचे वेष्टण लावून शिवलेली. जानेवारी १८२९ मध्ये ब्रॅनवेलने ‘ब्लॅकवुड्स’च्या धर्तीवर ग्लास टाउनचे मासिक काढले, काही महिन्यांतच ते शार्लटच्या हाती गेले आणि ‘यंग मेन्स मॅगझिन’ झाले. ब्रॅनवेल पद्धतशीर इतिहासाकडे वळला. ‘यंग मेन’चा, म्हणजे त्या बारा तरुणांचा, इतिहास त्याने १८३० ते १८३१ या काळात कॅप्टन जॉन बड या कल्पित इतिहासकाराच्या नावाने लिहिला आणि सोबत चार राज्यांच्या संघराज्याचा नकाशाही काढला. तेरा वर्षांच्या मुलाने लिहिलेला हा इतिहास वाचताना जाणवते ते त्याचे दप्तरी वळण. बातमी, पुरावा, सैन्याची संख्या, कुठला सरदार कुठे होता, हे सगळे त्याला हवे असते.

अशांतींना मात्र स्वतःचा बखरकार कधी मिळाला नाही. त्यांच्या राजाचे साई टूटू क्वामिना हे नाव खऱ्या अशांती राजाच्या नावावरून, इंग्रजी प्रवासवर्णनांतल्या लेखनानुसार घेतलेले होते. कुमासीच्या लढाईत तो हरतो. त्याचा लहान मुलगा क्वाशिया याला वेलिंग्टन आपल्या घरात वाढवतो, आणि वयात आल्यावर तो उलटतो. संपूर्ण गाथेत क्वाशिया हा ग्लास टाउनचा सर्वांत चिवट शत्रू राहतो. लेखक त्याला कृतघ्न आणि क्रूर रंगवतात. पण ज्याने बाप आणि मुलूख दोन्ही घेतले त्याच्याच घरी वाढलेल्या मुलाने बंड करावे, यात नवल काय, हा प्रश्न कथेनेच उभा करून ठेवला आहे. मुलांनी त्याचे उत्तर शोधले नाही. त्यांनी वाचलेल्या वर्तमानपत्रांनीही शोधले नव्हते.

जानेवारी १८३१ मध्ये शार्लट रो हेडच्या शाळेत गेली आणि चौघांची भागीदारी मोडली. एमिली आणि अ‍ॅन यांनी थोरल्यांच्या ताब्यातून सुटून गॉन्डल नावाचे वेगळे जग काढले. ग्लास टाउन शार्लट आणि ब्रॅनवेल यांच्याकडे राहिले आणि १८३४ मध्ये त्यातून अँग्रिया निघाले. वेलिंग्टनचा थोरला मुलगा झमोर्ना याने अशांती आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांना मागे रेटले, त्याचे बक्षीस म्हणून त्याला पूर्वेकडचा मुलूख मिळाला. सात प्रांत, कॅलबार नदीकाठी एड्रियानोपोलिस ही नवी राजधानी, निशाणावर उगवता सूर्य. मराठी वाचकाला या नावावरून आंग्रे आठवतील, कारण इंग्रजी कागदपत्रांत आंग्र्यांचे नाव असेच लिहिले जाई. पण एवढ्या साम्यावरून नाते जोडता येत नाही.

अँग्रियाची खरी भांडणे परक्यांशी नव्हती. झमोर्नाचा पंतप्रधान होता नॉर्थअँगरलँडचा अर्ल अलेक्झांडर पर्सी: जुना बंडखोर, नास्तिक, उत्तम वक्ता, आणि झमोर्नाचा सासराही. झमोर्ना मुख्यतः शार्लटचा, पर्सी मुख्यतः ब्रॅनवेलचा. जावई आणि सासरा यांच्यातला हेवा म्हणजे दोन लेखकांमधली ओढाताणही होती. कथा कुणाच्या माणसाभोवती फिरावी, हा वाद रणांगणावर सुटत होता. १८३५–३६ मध्ये व्हर्डोपोलिसमधील सुधारणावादी मंत्रिमंडळाने, पॅरीचा मुलगा अ‍ॅर्ड्रा याच्या नेतृत्वाखाली, अँग्रियाला संघाबाहेर काढले. यादवी पेटली. एडवर्डस्टन येथे झमोर्नाचा पाडाव झाला आणि त्याला हद्दपार करून जहाजावर चढवण्यात आले. पर्सीने राजधानीत क्रांती करून सत्ता हाती घेतली. पुढे झमोर्ना परतला, जुने मित्र एकवटले आणि ईव्हशॅम येथे पर्सीच्या पक्षाचा निर्णायक पराभव झाला. या युद्धाच्या वर्णनांत कापडगिरण्यांची शहरे, मालकांचे आपसांतले हेवेदावे, निवडणुकीतली हुल्लडबाजी असे बरेच काही आहे, आणि ते आफ्रिकेपेक्षा पश्चिम यॉर्कशरला अधिक जवळचे आहे. एडवर्डस्टन हे तर पर्सीचा गिरणीमालक मुलगा एडवर्ड याच्या नावाचेच गाव, आणि हा मुलगा बापाविरुद्ध झमोर्नाच्या बाजूला.

या यादवीची मोहीम आखत होता ब्रॅनवेल. १८३५ पासून शार्लट रो हेडमध्येच शिक्षिका म्हणून अडकली होती. राज्यात काय चालले आहे हे तिला भावाच्या पत्रांतून कळे, आणि दोन पत्रांमधले दिवस ती काळजीत काढी. झमोर्नाने पर्सीला आधीच बजावले होते की, बंड केलेस तर तुझ्या मुलीला टाकून देईन. बंड झाले आणि ही मुलगी, मेरी पर्सी, खंगत गेली. ब्रॅनवेलने तिला मारले. शार्लटने पुढच्या सुट्टीत, १८३६–३७ च्या हिवाळ्यात, ‘झमोर्नाचे पुनरागमन’ लिहून तिला जिवंत केले. जिन्नींचा जुना अधिकार असा एकदा पुन्हा बजावला गेला, पण आता त्यासाठी कथेत पटेल असे कारण द्यावे लागले: मृत्यूची बातमी खोटी होती. दोघांच्या स्वभावातला फरकही इथे स्पष्ट होतो. ब्रॅनवेल लढाई लिहितो. शार्लट लढाई उरकल्यावर कोण कुणाच्या घरी परत येते ते लिहिते. तिच्या पुढच्या कादंबऱ्यांचा रस्ता या दुसऱ्या सवयीतून गेला, असे म्हणायला हरकत नाही. १८३९ च्या सुमारास तिने अँग्रियाचा निरोप घेतला. ब्रॅनवेलने तो कधीच घेतला नाही. १८४१ मध्ये हॅलिफॅक्सच्या वर्तमानपत्रात त्याच्या कविता ‘नॉर्थअँगरलँड’ या सहीने छापल्या गेल्या.

गॉन्डलची युद्धे सांगणे अवघड आहे, कारण त्यांचे गद्य सगळेच हरवले. उरल्या आहेत कविता, काही याद्या आणि दोघी बहिणींनी काही वर्षांच्या अंतराने लिहून ठेवलेली टिपणे. अ‍ॅनने घरातल्या भूगोलाच्या पुस्तकात, छापील नावांच्या जोडीला, आपलीही नावे लिहून ठेवली: गॉन्डल, उत्तर पॅसिफिकमधील मोठे बेट, रेजिना, त्याची राजधानी, गाल्डाइन, दक्षिण पॅसिफिकमध्ये नव्याने सापडलेले बेट. गॉन्डलचे राजे गाल्डाइनची राज्ये जिंकायला जातात, परत आल्यावर एकमेकांवर उलटतात. ज्युलियस ब्रेन्झायडा सोबत्याच्या जोडीने सिंहासनावर बसतो, त्याला दगा देतो आणि शेवटी स्वतः मारेकऱ्याच्या हातून मरतो. पुढच्या काळात राजनिष्ठ आणि प्रजासत्ताकवादी यांची यादवी आहे. अँग्रियात झमोर्ना नेहमी परत येतो; गॉन्डलमध्ये असे परतणे नाही. तिथे कैदखाने आहेत, थडगी आहेत, आणि जिंकलेल्यालाही विजयाचे सुख नाही.

गॉन्डल टिकलेही सर्वांत जास्त. जून १८४५ च्या अखेरीस एमिली आणि अ‍ॅन यॉर्कच्या सहलीला गेल्या तेव्हा वाटेत त्या राजवाड्यांतून पळून राजनिष्ठांना मिळायला निघालेल्या गॉन्डली पात्रांच्या भूमिका करत होत्या. एमिली सव्वीस वर्षांची होती, अ‍ॅन पंचवीसची. महिनाभरानंतरच्या टिपणात एमिली आपण गॉन्डलच्या पहिल्या युद्धांवर लिहीत असल्याचे सांगते आणि खेळ जोरात असल्याचा निर्वाळा देते. अ‍ॅनच्या टिपणात मात्र खेळ पहिल्यासारखा रंगत नसल्याची कुरकुर आहे. त्याच वर्षी शरदात शार्लटच्या हाती एमिलीच्या कवितांची वही लागली. १८४६ चा संग्रह तिघींनी बेल या टोपणनावाने छापला, त्यात गॉन्डलची नावे काढून टाकली होती. वाचकांना या कविता कोणत्या युद्धाच्या हे कळायची सोय उरली नाही. सप्टेंबर १८४६ मध्ये एमिलीने यादवीतल्या एका भाडोत्री शिपायाच्या तोंडून मोठी कविता लिहिली. मे १८४८ मध्ये तिचीच सुरुवात पुन्हा लिहायला घेतली आणि अर्धवट सोडली. १९ डिसेंबर १८४८ रोजी ती वारली.

शार्लटचे पती आर्थर बेल निकोल्स यांनी १८९५ मध्ये बरीच हस्तलिखिते विकली. ती क्लेमंट शॉर्टरमार्फत टॉमस वाइज या संग्राहकाकडे गेली, आणि त्याने ती सुटी करून निरनिराळ्या ग्राहकांना विकली. एकाच युद्धाचे वृत्तांत त्यामुळे वेगवेगळ्या ग्रंथालयांत जाऊन पडले. अभ्यासक फॅनी रॅचफर्ड यांनी १९४१ मध्ये ही पाने प्रथम सुसंगतपणे जुळवली. २०१९ मध्ये ‘यंग मेन्स मॅगझिन’चा १८३० सालचा एक अंक पॅरिसच्या लिलावात आला आणि ब्राँटे सोसायटीने सहा लाख युरोंची बोली लावून तो हॉवर्थच्या संग्रहालयासाठी परत मिळवला. गॉन्डलच्या कविता एकाच राणीची कथा सांगतात असे रॅचफर्ड यांनी १९५५ मध्ये मांडले. इतर अभ्यासकांना ते पटले नाही. पहिल्या युद्धांवरचे एमिलीचे पुस्तक गद्याबरोबरच गेल्यामुळे हा वाद मिटण्यासारखा नाही.